स्मार्ट कारखाना म्हणजे काय, आणि विकसनशील देशांत तो रुजायला वेळ का लागतो

'स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग', 'इंडस्ट्री 4.0', 'डिजिटल कारखाना' हे शब्द आता औद्योगिक धोरणांत, मंत्र्यांच्या भाषणांत आणि कर्जयोजनांच्या जाहिरातींतही वाचायला मिळतात. अशा बातमीसोबत छापलेले छायाचित्र मात्र बहुधा एकाच प्रकारचे असते: चकचकीत फरशी, नारिंगी यांत्रिक हातांची रांग आणि माणूस एकही नाही. या छायाचित्राने वाचकांचा जेवढा गैरसमज केला आहे, तेवढा कोणत्याही अवघड परिभाषेने केला नसेल. ज्या देशात कारखान्याला दिवसभर सलग वीज मिळेल याची खात्री नाही, तिथल्या उद्योजकाला ते पाहून हे आपल्या आवाक्यातले नाही असे वाटते, आणि तिथल्या कामगाराला हे आपल्या मुळावर येणार असे वाटते. दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे, पण खरी अडचण वेगळीच आहे. यंत्र कर्ज काढून आणता येते. घोडे पेंड खाते ते त्या यंत्राभोवतीच्या व्यवस्थेपाशी.

शब्दामागचा साधा अर्थ

'इंडस्ट्री 4.0' हा शब्दप्रयोग 2011 मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत लोकांसमोर आला. त्यातला चारचा आकडा चौथ्या औद्योगिक क्रांतीचा आहे: पहिली वाफेची, दुसरी वीज आणि साखळी-उत्पादनाची, तिसरी संगणकाने यंत्र चालवण्याची. तिसरीची सुरुवात साधारण 1969 च्या सुमारास झाली. त्या काळात पीएलसी, म्हणजे यंत्राने कोणत्या क्रमाने काय करायचे हे साठवून ठेवणारी छोटी नियंत्रक पेटी, कारखान्यांत येऊ लागली. तेव्हापासून यंत्रे आज्ञा पाळतात. चौथ्या टप्प्यातली नवी गोष्ट ही की, ती आता आपली हकीकतही सांगू लागली आहेत.

हे घडते कसे, तेही अवघड नाही. यंत्राचे तापमान, कंपने, वेग किंवा त्याने ओढलेला विद्युतप्रवाह सेन्सर टिपतो. ती नोंद तारेने किंवा बिनतारी जाळ्याने एका ठिकाणी जमा होते. संगणक त्या नोंदींमधला नेहमीचा नमुना ओळखतो आणि काही वेगळे घडू लागले की इशारा देतो. मग माणूस, किंवा काही वेळा यंत्र स्वतः, निर्णय घेते. इंधनाचा काटा नसलेली गाडी चालवणाऱ्याला टाकी रिकामी झाल्याचे गाडी बंद पडल्यावरच कळते. काटा असेल तर ते आधी कळते. स्मार्ट उत्पादन म्हणजे मुळात कारखान्याला असे काटे बसवणे आणि, हा भाग बहुतेक वेळा विसरला जातो, काट्याकडे पाहून वेळेवर काहीतरी करणे. यांत्रिक हात, त्रिमितीय छपाई, कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे या कल्पनेचे पुढचे पाहुणे आहेत. घर मात्र आधी बांधावे लागते.

न मोजलेला तोटा दिसत नाही

कारखान्यात एक जुने आणि फार उपयोगी मोजमाप आहे, ज्याला उत्पादन क्षेत्रातले लोक 'ओईई' म्हणतात. यंत्राच्या क्षमतेपैकी प्रत्यक्षात किती वापरली गेली, हे ते सांगते. त्यात तीन प्रश्न असतात: ठरलेल्या वेळेपैकी यंत्र किती वेळ चालले, चालताना ते किती वेगाने चालले, आणि निघालेल्या मालापैकी चांगला किती निघाला. समजा, 480 मिनिटांच्या पाळीत यंत्र 96 मिनिटे बंद होते, म्हणजे 80 टक्के वेळ चालले. वेग ठरलेल्या वेगाच्या 75 टक्के राहिला. शंभरातले 95 नग चांगले निघाले. सुटा सुटा पाहिला तर यातला एकही आकडा भयंकर वाटत नाही. पण तिन्हींचा गुणाकार केला की 57 टक्के येतात, म्हणजे यंत्राची 43 टक्के क्षमता पाण्यात गेली. ज्याने हे कधी मोजले नाही, तो मालक मागणी वाढली की दुसरे यंत्र घ्यायला निघतो, आणि जवळजवळ अर्धे यंत्र त्याच्याच छपराखाली न वापरलेले पडून असते.

वहीत नोंदी ठेवूनही हे मोजता येते, यात शंका नाही. परंतु पाळीच्या शेवटी आठवून लिहिलेल्या वहीत दोन-दोन मिनिटांचे खोळंबे कधीच उतरत नाहीत, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारे अनेकदा तेच असतात. शिवाय, वही लिहिणाऱ्यालाच खोळंब्याचा जाब द्यावा लागणार असेल तर वहीत काय उतरेल हे सांगायला नको. सेन्सरला ना विसर पडतो, ना भीती वाटते.

विजेच्या मोटारीचा धडा

नवे तंत्रज्ञान आले म्हणजे उत्पादकता लगेच वाढेल, ही अपेक्षा इतिहासाला मान्य नाही. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झाले. त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनीही अमेरिकी कारखान्यांतील यंत्रे फिरवणाऱ्या एकूण शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा 5 टक्क्यांपेक्षा कमी होता, आणि उत्पादकतेतील मोठी उसळी दिसायला 1920 चे दशक उजाडावे लागले. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये या दिरंगाईकडे लक्ष वेधले, ते संगणक येऊनही उत्पादकता का वाढत नाही या प्रश्नाच्या संदर्भात.

उशीर का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. ते छताखालून जाणारा लांबच लांब दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून खाली आलेल्या चामडी पट्ट्यांवर सगळी यंत्रे चालत. यंत्र कुठे ठेवायचे हे त्यामुळे कामाच्या क्रमावर ठरत नसे, दांड्याजवळ जागा कुठे आहे यावर ठरे. आणि दांड्याची दुरुस्ती निघाली की त्यावरची सगळी यंत्रे थांबत. वीज आल्यावर अनेक मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी मोठी मोटार बसवली. दांडा आणि पट्टे तसेच ठेवले. थोडा कोळसा वाचला, पण कामाची रीत बदलली नाही. खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार मिळाल्यावर. मग इमारती एकमजली झाल्या, माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने यंत्रे मांडता आली, आणि एक यंत्र थांबले तरी बाकीची चालू राहिली.

आजचे बरेचसे 'डिजिटलीकरण' दांडा तसाच ठेवून मोटार बसवण्याच्या जातीचे असते. कागदी फॉर्म जाऊन त्याच रकान्यांचा टॅबलेट येतो, भिंतीवर आकड्यांचा मोठा पडदा लागतो, आणि पडद्यावर लाल दिवा लागला तर नेमके कोणी उठायचे हे कोणीच ठरवलेले नसते.

मोबाइलसारखी उडी मारता येणार नाही का?

तारेच्या दूरध्वनीची पायरी गाळून अनेक देश थेट मोबाइलवर गेले. केनियात 2007 मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा सेवेने बँकेत खाते नसलेल्या लोकांपर्यंतही मोबाइलवरून पैशांचे व्यवहार पोहोचवले. मग कारखान्यांनी मधल्या पायऱ्या का चढायच्या, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मोबाइल वापरणाऱ्याला मनोरा उभारावा लागत नाही. अवघड भाग कंपनीने आधीच केलेला असतो आणि ग्राहकाला फक्त बटण दाबायचे असते. कारखान्यात उलट आहे. तिथे तंत्रज्ञान घेणाऱ्यालाच आपली कार्यपद्धती, नोंदी, देखभाल आणि माणसांची कामे नव्याने बसवावी लागतात, आणि ते काम कोणी बाहेरून करून देऊ शकत नाही.

याचा फार चांगला पुरावा एका प्रयोगातून मिळाला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातील 17 वस्त्रोद्योग कंपन्यांच्या 28 कारखान्यांचा अभ्यास केला, आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागारांनी काही महिने अगदी प्राथमिक गोष्टी शिकवल्या: कापडातले दोष रोज नोंदवणे, यंत्र बंद पडण्याआधी देखभाल करणे, सुताचा साठा नावनिशी लावून ठेवणे. पहिल्याच वर्षी त्यांची उत्पादकता सुमारे 17 टक्क्यांनी वाढली, आणि या बदलात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच नव्हती. जास्त बोलके होते ते मालकांनी या गोष्टी आधी न करण्याचे कारण. काही पद्धती त्यांना ठाऊक नव्हत्या, आणि ठाऊक होत्या त्यांच्याबद्दल 'आपल्याला त्याची गरज नाही, आपला माल ठीक आहे' असे त्यांना वाटत होते. दोष न मोजणाऱ्याला माल ठीकच वाटणार.

म्हणून मधल्या पायऱ्या सगळ्या गाळता येत नाहीत. यंत्रांच्या काही पिढ्या गाळता येतील. शिस्तीची पायरी गाळता येत नाही.

मजूर स्वस्त असताना हा खर्च कशासाठी?

केवळ मजुरी वाचवण्यासाठी विकसनशील देशात यंत्रमानव घेणे बऱ्याचदा परवडत नाही, हे खरेच आहे. उलट बाजूचे उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आदिदास कंपनीने जर्मनीतील आन्सबाख आणि अमेरिकेतील अटलांटा येथे बूट बनवणारे अत्यंत स्वयंचलित 'स्पीडफॅक्टरी' कारखाने काढले, तेव्हा बूट-कपड्यांचे उत्पादन आशियातून श्रीमंत देशांत परत जाणार अशी चर्चा जोरात झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये कंपनीने दोन्ही कारखाने बंद करण्याचे जाहीर केले आणि त्यातले तंत्रज्ञान आशियातील पुरवठादारांकडे वापरण्याचे ठरवले. लवचीक, सुरकुतणाऱ्या वस्तू हाताळणे यंत्रासाठी अजून कठीण आहे, आणि पुरवठादारांचे जाळे जिथे आहे तिथेच उत्पादन टिकते.

पण स्वस्त मजुरी हे उत्तर फक्त एका प्रश्नाला पुरते. दर नगाचे माप अचूक आहे का, हा कच्चा माल कोणत्या खेपेतला, हे बनवताना किती ऊर्जा लागली, असे आजचा खरेदीदार विचारतो, तेव्हा मजुरीचा दर सांगून भागत नाही. युरोपीय संघाने कार्बनवरील सीमाशुल्काची व्यवस्था ऑक्टोबर 2023 पासून अहवालापुरती सुरू केली आणि जानेवारी 2026 पासून तिचा आर्थिक टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारख्या मालाच्या उत्पादनात किती उत्सर्जन झाले हे तिथे दाखवावे लागते. ज्याच्याकडे स्वतःचे पडताळलेले आकडे नाहीत, त्याच्या मालाला ठरावीक सरासरी आकडे, त्यावर आणखी वाढ धरून, लावले जातात. म्हणजे एखादा उत्पादक प्रत्यक्षात सरासरीपेक्षा स्वच्छ काम करत असला तरी ते सिद्ध न करता आल्याची किंमत त्याला मोजावी लागू शकते. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी युरोपात फेब्रुवारी 2027 पासून डिजिटल 'पासपोर्ट' बंधनकारक होणार आहे. त्यातली माहिती खाणीपासून कारखान्यापर्यंतच्या पुरवठादारांकडूनच यावी लागेल. नोंदी नसतील, तर स्वस्त माल दारातच अडतो.

नोकऱ्यांचे काय?

या प्रश्नावर जे आकडे फेकले जातात त्यांच्याकडे जपून पाहावे. 2013 मध्ये फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी अमेरिकेतील 47 टक्के रोजगार स्वयंचलनाच्या मोठ्या धोक्यात असल्याचा अंदाज मांडला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2016 मध्ये कंबोडिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, थायलंड आणि व्हिएतनाम या पाच देशांसाठी 56 टक्क्यांचा अंदाज दिला. त्याच वर्षी ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात 21 देशांची सरासरी 9 टक्के निघाली. इतका फरक पडण्याचे एक कारण म्हणजे, पहिल्या पद्धतीत अख्खा व्यवसाय मोजला होता आणि शेवटच्या पद्धतीत त्या व्यवसायातली सुटी सुटी कामे. माल तपासणाऱ्याचे डोळ्यांनी पाहण्याचे काम कॅमेरा करील. पण दोष का आला हे शोधून यंत्राची मांडणी सुधारण्याचे काम त्याच माणसाकडे राहू शकते, जर त्याला ते शिकवले असेल तर.

मला स्वतःला यापेक्षा मोठी वाटणारी चिंता वेगळी आहे. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी दाखवून दिले आहे की, आजचे विकसनशील देश पूर्वीच्या औद्योगिक देशांपेक्षा फार कमी उत्पन्नाच्या टप्प्यावरच उद्योगांतील रोजगाराच्या शिखरापाशी पोहोचत आहेत, आणि तिथून उतरत आहेत. शेती सोडलेल्या अल्पशिक्षित माणसाला पूर्वी कारखान्याचे दार उघडे असे. ते दार अरुंद होत चालले आहे. स्मार्ट उत्पादनाने ते आणखी अरुंद होऊ शकते. मात्र तंत्रज्ञान टाळल्यामुळे निर्यातीची मागणीच दुसरीकडे गेली, तर ते दार भिंतीसकट जाते. या पेचाला सोपे उत्तर नाही, आणि जो ते असल्याचे सांगतो तो बहुधा काहीतरी विकत असतो.

कामगार नव्या तंत्राला विरोध का करतात?

अडाणीपणामुळे, असे उत्तर सर्रास दिले जाते. पाकिस्तानातील सियालकोटमध्ये झालेला एक प्रयोग हे उत्तर खोडून काढतो. तिथे फुटबॉल बनवण्याचा मोठा उद्योग आहे. चेंडूला लागणारे पंचकोनी तुकडे कृत्रिम चामड्याच्या तावातून कापताना बराच कचरा पडतो. संशोधकांनी असा साचा तयार केला की तेवढ्याच तावातून अधिक तुकडे निघावेत, आणि तो 35 कंपन्यांना फुकट दिला. वर्षभरानंतरही तो वापरणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

कारण मजुरीच्या रचनेत होते. कापणाऱ्याला नगावर पैसे मिळत. नवा साचा सुरुवातीला त्याचा वेग कमी करी, म्हणजे त्याची कमाई घटे. वाचलेल्या चामड्याचा फायदा मात्र सगळा मालकाचा. साहजिकच कारागिराने मालकाला सांगितले की साचा काही कामाचा नाही, आणि मालकाने ते मानले. मग संशोधकांनी काही कंपन्यांत, नव्या साच्याने काम जमते हे दाखवणाऱ्या कारागिराला साधारण महिन्याच्या पगाराइतकी रक्कम एकदाच देऊ केली. कंपनीच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ होती, तरी साचा स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साच्याच्या जागी सेन्सर ठेवला तरी गोष्ट तीच राहते. यंत्राच्या खोळंब्याची मिनिटे दाखवणारा पडदा जर पगार कापण्यासाठी वापरला जाणार असेल, तर तो पडदा वरचेवर 'बिघडेल'. वाढलेल्या उत्पादनातला वाटा ठरलेला असेल, तर तोच कामगार सेन्सरवरची धूळ स्वतः पुसेल.

लहान कारखान्याला हे परवडेल का?

नवी यंत्रे घेऊन करायचे म्हटले तर बहुतेकांना परवडणार नाही. पण जुन्या यंत्रालाही बोलते करता येते. मोटारीच्या तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा विद्युतप्रवाहाचा सेन्सर लावला, की यंत्र चालू आहे, रिकामे फिरते आहे की बंद आहे, हे तार न तोडता कळते. 2012 मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांमुळे या नोंदी जमा करण्याचा खर्चही पुष्कळ उतरला. ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठाने तर बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त सुट्या भागांतून लहान उद्योगांसाठी डिजिटल उपाय बनवण्याचा एक कार्यक्रमच चालवला आहे. 1979 पासून वापरात असलेली मॉडबस ही यंत्रांची संभाषणपद्धती अनेक जुन्या उपकरणांत असतेच. ती वापरली तर पुष्कळ माहिती नवे काही न बसवताही बाहेर काढता येते.

दोन खाचखळगे मात्र आहेत. पहिला कुलपाचा: काही विक्रेते यंत्रातली माहिती फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी व्यवस्था करतात आणि पुढे दरवर्षी त्याचे भाडे घेतात, म्हणून नोंदी खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतील ही अट खरेदीच्या करारातच लिहून घ्यावी लागते. दुसरा सुरक्षेचा: ऑगस्ट 2018 मध्ये तैवानच्या टीएसएमसी या बलाढ्य चिप-उत्पादक कंपनीत एक नवे यंत्र विषाणू-तपासणीशिवाय जाळ्याला जोडले गेले, आणि 'वॉनाक्राय' या संगणक-विषाणूच्या एका प्रकाराने अनेक उत्पादन-विभाग ठप्प केले. यंत्रांचे जाळे कार्यालयातल्या संगणकांपासून वेगळे ठेवणे, हा त्यावरचा कमी खर्चाचा पहिला उपाय आहे.

सरकारी पैसा कुठे लावावा?

संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार, प्रगत डिजिटल उत्पादन-तंत्रांची सुमारे 90 टक्के पेटंटे अवघ्या 10 अर्थव्यवस्थांकडे आहेत. बाकीच्यांसाठी प्रश्न शोध लावण्याचा कमी आणि आत्मसात करण्याचा जास्त आहे. तरीही सरकारी योजनांचा ओढा यंत्रखरेदीच्या अनुदानाकडे असतो, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. मोजमापाची उपकरणे प्रमाणित करून देणारी प्रयोगशाळा, दहा लहान कारखान्यांत आळीपाळीने जाणारा एक अनुभवी अभियंता, सेन्सर आणि पीएलसी दुरुस्त करू शकणारे तंत्रनिकेतनातले विद्यार्थी, आणि व्होल्टेज न ढळणारी वीज यांचे उद्घाटन करून फोटो काढणे अवघड असते. यंत्रासाठी अनुदान द्यायचेच असेल, तर अर्जदाराने आधीचे तीन महिने आपली यंत्रे किती वेळ आणि कोणत्या कारणाने बंद राहिली याची नोंद जोडावी, एवढी एक अट घालून पाहता येईल. त्या नोंदी तयार करताना काही अर्जदारांच्या लक्षात येईल की, त्यांना नवे यंत्र नको होते.